बिऱ्हाड डरहॅमला, वर्ग सोमवारपासून

न्यू जर्सीतल्या एडिसनहून आम्ही बिऱ्हाड हलवलं ते नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला, ड्यूक विद्यापीठाच्या फिजिशियन असिस्टंट प्रोग्रामसाठी. इथे सगळे पीए एवढंच म्हणतात. शिक्षण २४ महिन्यांचं. पहिले १२ महिने वर्गात आणि प्रयोगशाळेत, पुढचे १२ दवाखान्यांत आणि हॉस्पिटलांत. सोमवारी ओरिएंटेशन आहे आणि आज बुधवार. जुनी नोकरी सुटलीय, नवे वर्ग सुरू व्हायचेत. मधल्या या मोकळ्या दिवसांत तयारी नेमकी कशाची करायची, हा प्रश्न प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाला पडतो. मी काय ठरवलं ते आजच्या दिवसाच्या हिशोबातून सांगते.

पहाटे ५.३०

गजर होतो तेव्हा बाहेर अजून अंधार असतो, पण ऑगस्टची दमट हवा खिडकी उघडताच आत येते. अर्जंट केअरमध्ये मेडिकल असिस्टंट होते तेव्हा माझी पाळी बहुतेकदा संध्याकाळची असायची. झोपायला मध्यरात्र उलटायची. ती सवय मोडायला वर्ग सुरू होण्याची वाट बघून चालणार नाही, म्हणून इथे आल्यापासून रोज याच वेळेला उठते.

चहा घेऊन खोक्यांकडे वळते. स्वयंपाकघर आधी लावून घेतलं. कुकर, मिसळणाचा डबा, पोळपाट-लाटणं पहिल्याच दिवशी बाहेर आलं. आज अभ्यासाचा कोपरा लावायचा आहे. टेबल भिंतीकडे तोंड करून ठेवते, दिवा डाव्या हाताला. पुस्तकांच्या खोक्यात वरच अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक आहे. ते उघडून दोन धडे पुढे जायचा मोह रोज होतो. ते मी फडताळात ठेवून देते. पुढच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने प्रवेश मिळाल्यावर बजावलं होतं, "आधी वाचलेलं पहिल्या आठवड्यातच मागे पडतं. तू झोप, घर आणि कागदपत्रं नीट लाव." मला ते पटलं. पहिल्या वर्षी जेवढं शिकवतात ते तेव्हाच शिकायचं असतं. त्यासाठी जो वेळ लागणार आहे, तो आत्ता मोकळा करून ठेवायचा.

सकाळी ७.१५

वर्गाला निघायच्या वेळेलाच गाडी काढते. रस्ता नकाशात पाहणं वेगळं आणि ऑफिसच्या गर्दीत चालवून पाहणं वेगळं. कुठे सिग्नलला खोळंबा होतो, पार्किंगपासून चालत किती वेळ लागतो, पाऊस आला तर आडोसा कुठे आहे, हे सगळं आज बघून घेते.

वाटेत लकी स्ट्राइक सिगारेटच्या कारखान्याची जुनी चिमणी दिसते. डरहॅम हे तंबाखूचं गाव. सिगारेटच्या कारखान्यांवर ड्यूक घराणं श्रीमंत झालं, त्याच पैशातून विद्यापीठ उभं राहिलं आणि १९३० साली हॉस्पिटल सुरू झालं. आज हेच शहर स्वतःला 'वैद्यकाचं शहर' म्हणवतं.

माझ्या पेशाचा जन्मही इथलाच. साठच्या दशकात डॉक्टर कमी पडत होते, खेड्यापाड्यांत तर फारच. ड्यूकचे डॉ. युजीन स्टेड यांनी १९६५ साली नौदलात कोअरमन म्हणून काम केलेल्या चार जणांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला. या माणसांनी जखमा बांधल्या होत्या, आजारी सैनिकांची देखभाल केली होती. नौदलातून बाहेर पडल्यावर मात्र त्या अनुभवाला साजेसं कामच त्यांना मिळत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात डॉक्टर घाईने तयार करावे लागले होते, त्या धर्तीवर स्टेड यांनी अभ्यासक्रम आखला. १९६७ साली तिघे उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. त्याही आधी याच राज्यातल्या गार्लंड नावाच्या छोट्या गावात डॉ. एमॉस जॉन्सन यांच्या दवाखान्यात हेन्री ली ट्रेडवेल हे सहायक त्यांच्याच हाताखाली शिकून रुग्ण सांभाळत होते. असं काम होऊ शकतं, हे त्यांनी दाखवून दिलं होतं. पुढे १९७० साली जॉइस निकोल्स इथून शिकून बाहेर पडल्या. रीतसर शिक्षण घेतलेल्या त्या पहिल्या स्त्री पीए. आधी त्या नर्सिंगचं काम करत होत्या.

या रस्त्यावरून जाताना हे सगळं आठवतं आणि मनाला बळ येतं. या पेशात रुग्णांजवळ काढलेल्या वेळाला पहिल्या दिवसापासून किंमत आहे.

सकाळी ९.३०

लसीकरणाचे कागद घेऊन दवाखान्यात. रुग्णांजवळ जाण्याआधी गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांच्याविरुद्ध शरीरात संरक्षण आहे हे दाखवावं लागतं. मला कांजिण्या लहानपणी साताऱ्यात आल्या. घरात कडुलिंबाचा पाला, अंगाला खाज आणि शाळेला सुट्टी, एवढीच त्याची नोंद. कागद कुठलाच नाही. पण रक्ताला सगळं ठाऊक असतं. तपासणीत प्रतिपिंडं सापडली की काम झालं. हिपॅटायटिस बीसाठी प्रतिपिंडांचा आकडा १० किंवा त्याहून जास्त यावा लागतो. कमी आला तर पुन्हा डोस घ्यायचा आणि पुन्हा तपासायचं. त्यात आठवडे जातात, म्हणून भारतातून आलेल्यांनी प्रवेश नक्की होताच हे काम हाती घ्यावं.

नर्स बाही वर करायला सांगते आणि डाव्या दंडावरच्या खड्ड्याकडे पाहते. "हे बीसीजीचं ना?" तिने आपणहून विचारलं याचंच मला बरं वाटतं. जन्मल्यावर टोचलेल्या त्या लसीमुळे क्षयाची त्वचेवरची चाचणी खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, शंका, विलंब. रक्ताच्या चाचणीत तो घोटाळा होत नाही, कारण तिथे तपासली जाणारी प्रथिनं बीसीजीच्या जंतूत नसतात. मी रक्ताचीच चाचणी मागते, ती लगेच होकार देते. आमच्यासारख्या किती जणांच्या दंडावर ही खूण आहे! उद्या मी तपासायला बसेन तेव्हा समोरच्याची बाही वर गेली की हा प्रश्न आपणहून विचारायचा, हे मनाशी पक्कं करते.

सकाळी ११.३०

आता कागदपत्रं. एकच फाइल केली आहे. जीवरक्षक (सीपीआर) प्रशिक्षणाचं कार्ड दोन वर्षं चालतं, त्याची तारीख वर लिहिली. पार्श्वभूमी तपासणीची पावती, औषध-चाचणीचा निकाल, आरोग्य विमा, घराचा भाडेकरार. नॉर्थ कॅरोलायनात राहायला आलं की ६० दिवसांत इथलं ड्रायव्हिंग लायसन्स काढावं लागतं. वर्ग सुरू झाल्यावर त्यासाठी अर्धा दिवस काढणं जड जाईल, म्हणून उद्याचीच वेळ घेतली.

पैशांचा हिशोबही याच टेबलावर. या शिक्षणात नोकरी करायला सवड राहत नाही, आणि बहुतेक प्रोग्राम तसा सल्लाही देत नाहीत. सरकारी कर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतं. व्हिसावर असलेल्यांना तो मार्ग बंद असतो. आम्ही ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत थांबलो. त्या काळात मी कम्युनिटी कॉलेजात दिवसाच्या वर्गांत शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र पुन्हा शिकले आणि संध्याकाळी रुग्णांमध्ये काम केलं. ती वर्षं सत्कारणी लागली.

दुपारी १.००

वरण-भात, भेंडीची भाजी, लोणचं. सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या आल्या म्हणून मी निर्धास्त आहे. जेवताना त्या विचारतात, "अगं, पण मला एक सांग, लोकांनी विचारलं तर काय सांगायचं? तू डॉक्टर होणार का?"

"नाही आई, डॉक्टर नाही. पण मी रुग्ण तपासेन, निदान करेन, औषधं लिहून देईन, शस्त्रक्रियेत मदत करेन. डॉक्टरांच्या टीममध्ये राहून."

"म्हणजे जबाबदारी तर आलीच."

"आलीच. शिकून झालं की ३०० प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा असते. ती पास झाल्याशिवाय कुठलंही राज्य परवाना देत नाही. पुढे दर दोन वर्षांनी १०० तासांचं शिक्षण चालू ठेवावं लागतं."

"आपल्याकडे नसतं का असं काही?"

आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. चेन्नईत मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी १९९२ साली असा अभ्यासक्रम सुरू केला. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यातही या पेशाला जागा मिळाली आहे. सासूबाई ऐकून घेतात आणि म्हणतात, "मग आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांतही अशी माणसं यायला हवीत." मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं.

दुपारी २.३०

साधनांचं खोकं उघडते. स्टेथोस्कोप, रक्तदाबाचा पट्टा, गुडघा ठोकायची छोटी हातोडी. सासूबाईंचा रक्तदाब बघायचा ठरतो. त्या लगबगीने येऊन सोफ्याच्या कडेवर बसतात, पाय अधांतरी, आणि साताऱ्याच्या शेजारणीची गोष्ट सुरू होते.

"आई, आधी पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकवा. पाय जमिनीवर, एकावर एक नको. आणि आता बोलू नका."

त्यांचा हात उशीवर ठेवते, पट्टा हृदयाच्या पातळीत येईल असा. बाही गुंडाळून वर सरकवली तर ती दंडाला आवळते, म्हणून हात बाहीतून काढायला लावते. हे सगळं किरकोळ वाटतं. पण हात लोंबता राहिला, पाठीला आधार नसला किंवा माणूस बोलत राहिला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, आणि त्या आकड्यावर कुणाची तरी गोळी सुरू होते. गर्दीच्या दवाखान्यात ही पाच मिनिटं सगळ्यात आधी कापली जातात. दोनदा मोजते, दोन्ही आकडे त्यांच्या वहीत तारीख घालून लिहिते.

संध्याकाळी ४.३०

मॉरिसव्हिलला भारतीय दुकानात. तूरडाळ, पोहे, भाजणीसाठी धान्यं, गोडा मसाला संपत आला म्हणून दगडफूल आणि नागकेशर. यादी आठवड्याच्या जेवणावरून केली आहे. रविवारी दोन उसळी आणि एक आमटी करून फ्रीझरमध्ये, मधल्या वारी फक्त भात आणि पोळ्या. लेकीला शाळेची वही आणि रंग घेते. तिची शाळाही याच महिन्यात सुरू होते.

संध्याकाळी ६.३०

जेवणाच्या टेबलावर घरची बैठक. नवऱ्याचं काम न्यू जर्सीच्या कंपनीचंच, पण घरून. कागदावर दोन वर्षं आखतो. पहिलं वर्ष वेळापत्रकाचं, म्हणून सोपं. दुसऱ्या वर्षी कौटुंबिक वैद्यक, मेडिसिन, शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्रीरोग, मानसिक आरोग्य, तातडीचा विभाग, अशा फेऱ्या. काही दूरच्या गावीही असू शकतात. त्या वेळी लेकीचं सगळं तो बघणार.

लेक विचारते, "मग तू माझ्याशी कधी बोलणार?"

रोज रात्री जेवल्यानंतर अर्धा तास तिचा. परीक्षा असली तरी. ती स्वतः तो अर्धा तास लाल रंगाने कागदावर रंगवते आणि कागद फ्रिजवर लावते.

रात्री ८.३०

वर्गातल्या भावी सोबत्यांशी फोनवर गप्पा. एक जण सैन्यात मेडिक होता, एक रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक, एक आहारतज्ज्ञ, एक खेळाडूंना सांभाळणारी. प्रत्येकाने वेगळ्या दारातून रुग्ण पाहिले आहेत. मला प्रत्येकाकडून शिकायला मिळणार आहे.

मी इथवर का आले, असं एकीने विचारलं तेव्हा मी अर्जंट केअरमधली एक संध्याकाळ सांगितली. मुलीकडे महिनाभरासाठी आलेले एक मराठी आजोबा आले होते. "काही नाही हो, पित्त झालंय," म्हणत होते. पण तळवा छातीवर सपाट दाबलेला होता आणि कपाळावर घाम. मी आमच्या पीएंना लगेच बोलावलं. काही मिनिटांत ईसीजी निघाला, अ‍ॅस्पिरिन दिली, रुग्णवाहिका बोलावली. पीए फोनवर डॉक्टरांशी बोलत होत्या तेव्हाही त्यांचा एक हात आजोबांच्या खांद्यावर होता. आलेख त्या बरोबर वाचत होत्या, आणि तरीही विचारत होत्या. आपल्याला काय कळतंय हे नेमकं जाणायचं आणि जिथे कळत नाही तिथे न लाजता लगेच विचारायचं, हे दोन्ही एकाच माणसात मी त्या दिवशी पाहिलं. आपल्यालाही असंच काम करायचं आहे, हे मी तेव्हा ठरवलं.

रात्री १०.००

उद्याची यादी छोटी आहे. सकाळी लायसन्स, दुपारी लसीकरणाचे कागद प्रोग्रामच्या संकेतस्थळावर चढवायचे, संध्याकाळी लेकीच्या शाळेत जायचं. आज एकही धडा वाचला नाही, पण रस्ता कळला, फाइल भरली, जेवणाची घडी बसली आणि घरातल्या प्रत्येकाला आपापलं काम माहीत झालं. परगावाहून या शिक्षणासाठी निघालेल्या कुणालाही मी हेच सांगेन. शेवटचा आठवडा पुस्तकांवर घालवू नका. घर लावा, झोप सावरा, सोबतच्या माणसांशी बसून वेळ वाटून घ्या. पुढे तुमच्यासमोर जो रुग्ण येईल, त्याला सगळं पाठ असलेल्या माणसाइतकीच ताज्या डोक्याच्या, घरचा घोर मागे ठेवून आलेल्या माणसाची गरज असते.