विश्लेषण : ‘पाळी जवळ आली का?’ हा प्रश्न भांडणात का विचारू नये? ‘त्या’ दिवसांत जोडीदाराने काय करावे?

रात्रीचे दहा वाजलेत. सिंकमध्ये सकाळची भांडी तशीच आहेत. ती चिडते, आवाज चढतो. तो मोबाइलमधून मान वर न करता विचारतो, ‘तुझी डेट जवळ आली का?’ अंदाज बरोबरही असेल. भांडी मात्र सिंकमध्येच राहतात.

पाळीआधी येणारी चिडचिड, रडू, धास्ती, झोपेची मोडतोड या सगळ्याला ‘पीएमएस’ म्हणतात. १९३१ मध्ये अमेरिकेतील डॉक्टर रॉबर्ट फ्रँक यांनी पाळीआधीच्या मानसिक ताणावर लिहिले. पुढे १९५३ मध्ये रेमंड ग्रीन आणि कॅथरिना डाल्टन या ब्रिटिश डॉक्टरांनी ‘पीएमएस’ हे नाव रूढ केले. आपल्याकडे ‘कावळा शिवला’ म्हणत बाईला बाजूला बसवण्याची रीत होती. त्यात चार दिवसांच्या रक्तस्रावाचा हिशेब होता, मनाचा नव्हता.

त्रास नेमका केव्हा आणि कशामुळे?

अनेकांचा गोंधळ इथेच होतो. चक्र २८ दिवसांचे धरले, तर साधारण चौदाव्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि पाळीच्या तोंडावर झपाट्याने उतरते. मनाचा त्रास याच उत्तरार्धात, बहुधा शेवटच्या आठवड्यात असतो. पाळी सुरू झाली की काही दिवसांत तो ओसरतो. म्हणजे नवरा गरम पाण्याची पिशवी घेऊन येतो, तोवर मनाचा कठीण काळ अनेकदा उतरणीला लागलेला असतो.

‘हार्मोन्स बिघडलेत, टेस्ट करून घे’ हा सल्लाही सहसा चुकतो. पीएमएस असलेल्या स्त्रियांच्या रक्तातील संप्रेरकांची पातळी बहुधा इतरांसारखीच असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील पीटर श्मिट, डेव्हिड रुबिनो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. औषधाने अंडाशयाचे काम थांबवल्यावर पीएमएस असलेल्या अनेक स्त्रियांचा त्रास कमी झाला. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन दिले, तेव्हा लक्षणे परतली. पीएमएस नसलेल्या स्त्रियांना तीच संप्रेरके दिली, तर त्यांच्या मनःस्थितीवर परिणाम झाला नाही. सिग्नल तोच, पण तो पकडणाऱ्या मेंदूची संवेदनशीलता वेगळी. ‘जरा मनावर ताबा ठेव’ म्हणून ती बदलत नाही. थायरॉइड किंवा हिमोग्लोबिनची तपासणी डॉक्टर सांगतात ती थकव्याची अन्य कारणे शोधण्यासाठी.

मग तिचा राग खोटा असतो का?

नाही, आणि हाच यातला कळीचा मुद्दा. ऑस्ट्रेलियातील संशोधक जेन अशर यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले आहे. महिनाभर गिळलेल्या तक्रारी अनेकींच्या तोंडून याच दिवसांत बाहेर पडतात, असे त्यांच्या मुलाखतींत दिसले. संप्रेरकांमुळे आवाज चढत असेल, पण तक्रार बहुतेक वेळा आधीपासूनचीच असते. अशर आणि जॅनेट पर्झ यांनी ८३ स्त्रियांवर केलेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. समुपदेशनाने त्रास कमी झालाच. पण जोडीदारालाही सोबत बसवले, तेव्हा नात्यात जास्त फरक पडला.

त्यामुळे या विषयावर बोलायचे ते पाळी संपल्यानंतरच्या शांत आठवड्यात, चहा पिताना. कोणाला त्या दिवसांत जवळ कोणी हवे असते, तर कोणाला अर्धा तास दार लावून एकटे पडायचे असते. हे तिलाच विचारावे. ‘सांग, काय करू?’ हा प्रश्न मात्र रोज विचारला तर तेही तिच्या डोक्यावरचे आणखी एक काम होते. डबा, मुलांचा अभ्यास, दूधवाल्याचा हिशेब यांतले काय आपले, हे आधीच ठरवलेले बरे.

भांडण पेटलेच, तर घर बदलणे, नोकरी सोडणे असे मोठे निर्णय चार दिवस पुढे न्यावेत. पण चार दिवसांनी तो विषय त्यानेच काढावा. तो काढला नाही, तर पुढे ढकलणे म्हणजे गुंडाळणेच झाले. आणि आईला फोन करून ‘तिची ती वेळ आहे’ सांगणे पूर्ण बंद. सहन करणाऱ्यालाही थकवा येतो, बोललेले लागते. तेही त्याच शांत आठवड्यात सांगायला हरकत नाही.

सणाच्या गोळ्यांचे काय?

गौरी-गणपतीत किंवा घरच्या लग्नात पाळी पुढे ढकलण्यासाठी अनेक घरांत नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, कधी थेट मेडिकलमधून. काहींना त्याने मन खचल्यासारखे होते. ज्यांना आधीच त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. ‘या वर्षी गोळी नको, नैवेद्याचे मी बघतो’ हे वाक्य नवऱ्याने स्वतःच्या घरच्यांसमोर उच्चारणे, हा आधारच असतो. ते सोपे नसते, हेही खरे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

काहींचा त्रास पीएमएसच्या पलीकडचा असतो. त्याला ‘पीएमडीडी’ म्हणतात. डीएसएम-५ या अमेरिकी निदान-पुस्तिकेने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र आजाराचे स्थान दिले. पाळी येणाऱ्या १.८ ते ५.८ टक्के स्त्रियांना तो असतो, असे ही पुस्तिका सांगते. त्यात काम, नाती कोलमडतात. जगणे नको वाटू शकते. ‘पाळी आली की जाईल’ म्हणून अशा बोलण्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. त्या वेळी तिला एकटे सोडू नये, थेट विचारावे आणि तातडीने मदत घ्यावी. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येते.

उपचार आहेत. नैराश्यावरील एसएसआरआय गटाची औषधे पीएमडीडीत तुलनेने लवकर काम करतात. अनेकींना ती फक्त उत्तरार्धाच्या दोन आठवड्यांतही दिली जातात. काही गर्भनिरोधक गोळ्या आणि समुपदेशनाचाही उपयोग होतो. मात्र उदासी पाळीनंतरही हटत नसेल, तर ते वेगळे नैराश्य असू शकते.

हा फरक कळतो तो नोंदींवरून. आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून निदानासाठी किमान दोन चक्रांची रोजची नोंद मागितली जाते. रोज रात्री चिडचिड, उदासी, झोप यांना एक ते सहा गुण, कॅलेंडरवरही चालते. नोंद तिची, तिच्या फोनमध्ये. परवानगीशिवाय ती उघडणे म्हणजे पाळत. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना ती सोबत न्यावी. तिथे तिला बोलू द्यावे. त्याला विचारले, तर त्याने मते नव्हे, तारखा सांगाव्यात.