कोरी तबकडी घेताना

शाळेचे कपाट उघडले की बहुधा तीन पिढ्यांची साधने एका फळीवर सापडतात : ध्वनिफिती, सीडी-डीव्हीडीच्या तबकड्या आणि पेन ड्राइव्ह. यांतील मधली पिढी सध्या सर्वांत अडचणीत आहे. ध्वनिफीत कालबाह्य झाली हे सर्वांनी मान्य केले आहे. तबकडी मात्र अजून वापरात आहे. स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण, जात्यावरच्या अहिराणी ओव्या म्हणणाऱ्या आजींचा आवाज, विज्ञान प्रदर्शनाची छायाचित्रे असे बरेच काही तिच्यावर आहे. त्याची दुसरी प्रत करायची, किंवा वर्गातल्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर मुलांना काही दाखवायचे, तर कोरी तबकडी विकत आणावी लागते. ती कोणती आणावी? स्वस्त कुठली? आणि आपल्या यंत्रावर ती चालेल का?

देवळा, कळवण, सटाणा, मालेगाव या कसमादे पट्ट्याला तबकडी नवी नाही. मालेगावात नासिर शेख यांनी २००० सालच्या सुमारास साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट बनवला. त्यानंतर या भागात तयार झालेले विनोदी चित्रपट आणि अहिराणी गाणी व्हीसीडीच्या रूपाने घरोघर पोचली. मोठ्या चित्रपटगृहांत ज्यांना जागा नव्हती त्या बोलीला आणि त्या कलावंतांना या चकचकीत चकतीने प्रेक्षक मिळवून दिला. आज त्यांतील पुष्कळशा तबकड्या कपाटांत, ट्रंकांत पडून आहेत. त्या वाचवायच्या तर तबकडीचे शास्त्र थोडे समजून घ्यायला हवे. गंमत अशी, की किंमत, जुळणी आणि टिकाऊपणा या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच गोष्टीत सापडतात. ती म्हणजे तबकडीवरून प्रकाश कसा परत येतो.

खड्डे आणि खड्ड्यांचा आभास

बाजारात विकत मिळणारी गाण्यांची सीडी छापलेली असते. तिच्या प्लॅस्टिकमध्ये साच्याने सूक्ष्म उंचवटे-खळगे उमटवतात आणि त्यावर धातूचा पातळ थर देतात. हे खळगे आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सर्पिल वाटेवर असतात. शेजारच्या दोन फेऱ्यांत अंतर असते फक्त १.६ मायक्रॉन. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) ही वाट उलगडून सरळ केली, तर ती पाच किलोमीटरहून लांब भरेल! वाचणारा लेसर किरण सपाट भागावरून चांगला परततो, खळग्यावरून क्षीण होऊन परततो. या उजेड-अंधाराच्या बदलांतून यंत्र शून्य-एकाची भाषा वाचते.

कोऱ्या तबकडीत, म्हणजे सीडी-आरमध्ये, खळगे नसतात. तिच्यात आधीच कोरलेली रिकामी सर्पिल सरी असते. शेतातली सरी आणि वरंबा डोळ्यांसमोर आणा, रचना तशीच आहे. या सरीवर सेंद्रिय रंगद्रव्याचा थर आणि त्यामागे चांदीचा किंवा क्वचित सोन्याचा थर असतो. लिहिताना लेसरची शक्ती वाढवली जाते. जिथे तापवले तिथे रंगद्रव्य कायमचे बदलते आणि प्रकाश कमी परत पाठवू लागते. वाचणाऱ्या यंत्राला तो खळगाच वाटतो. थोडक्यात, सीडी-आर ही छापील सीडीचे सोंग आणते. हे सोंग किती हुबेहूब वठते, यावर सारी जुळणी अवलंबून आहे.

जुळते ते का जुळते?

प्रकाश परत पाठवण्याचे प्रमाण पाहा :

छापील सीडी – सुमारे ७० टक्के
एकदाच लिहिता येणारी सीडी-आर – सुमारे ६५ टक्के किंवा अधिक
पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू – केवळ १५ ते २५ टक्के

आता जुन्या सीडी प्लेअरवर सीडी-आर का चालते आणि सीडी-आरडब्ल्यू का चालत नाही, हे वेगळे सांगायला नको. आरडब्ल्यूमध्ये रंगद्रव्य नसून धातूंचे मिश्रण असते. ते स्फटिकी आणि अस्फटिकी अशा दोन अवस्थांत आलटून पालटून जाते, म्हणून पुसता येते. पण त्यावरून येणारा प्रकाश इतका मंद असतो, की जुन्या यंत्राच्या ‘डोळ्याला’ तो पुरत नाही.

दुसरे कोडे असे. सुरुवातीच्या काही डीव्हीडी प्लेअरवर छापील सीडी चालायची, पण घरी भरलेली सीडी-आर चालायची नाही. कारण रंगात आहे. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा असतो आणि सीडी-आरचे रंगद्रव्य त्या तरंगलांबीसाठी जुळवलेले असते. डीव्हीडीचा लेसर ६५० नॅनोमीटरचा, म्हणजे तांबडा. त्या प्रकाशात हे रंगद्रव्य नीट परावर्तन करत नाही. पुढे उत्पादकांनी प्लेअरमध्ये सीडीसाठी ७८० नॅनोमीटरची वेगळी सोय केली आणि हा प्रश्न मिटला.

डीव्हीडीत वाटेच्या दोन फेऱ्यांमधील अंतर ०.७४ मायक्रॉन इतके कमी केले आहे. म्हणून एका थराच्या तबकडीत ४.७ अब्ज बाइट मावतात. संगणक हाच आकडा १०२४ च्या पटीत मोजतो, त्यामुळे पडद्यावर ४.३८ दिसते. दुकानदाराने फसवले असे समजू नये! डीव्हीडीत ‘वजा’ आणि ‘अधिक’ असे दोन पंथ आहेत. डीव्हीडी-आरमध्ये ठिकाण ओळखण्याच्या खुणा दोन सऱ्यांमधल्या वरंब्यावर असतात. डीव्हीडी+आरमध्ये त्या सरीच्या नागमोडी वळणांतच भरलेल्या असतात. २००५ नंतरची बहुतेक यंत्रे दोन्ही वाचतात. फार जुन्या प्लेअरसाठी ‘वजा’ घेणे बरे, कारण तो प्रकार आधी आला. डीव्हीडी-आरडब्ल्यूचे परावर्तन दोन थरांच्या छापील डीव्हीडीइतकेच कमी असते. काही जुनी यंत्रे तिला दोन थरांची समजून दुसरा थर शोधत बसतात आणि शेवटी ‘तबकडी नाही’ असे सांगतात.

तबकडी चालली, पण गाणे लागेना

तबकडीचा प्रकार आणि तिच्यावरील मजकुराची मांडणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वही आणि लिपी यांत असतो तसाच हा फरक आहे. ८० मिनिटांच्या सीडी-आरवर ३,६०,००० कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात गाण्याचे २,३५२ बाइट मावतात. पण संगणकाची फाइल ठेवायची, तर त्यातील काही जागा चुका दुरुस्त करण्याच्या आकड्यांसाठी राखावी लागते. मग २,०४८ बाइटच उरतात. गाण्यात एखादा सूर चुकला तर कान सांभाळून घेतो, गुणपत्रिकेतला आकडा चुकला तर चालत नाही! व्हीसीडी यांच्या मधली. चित्राच्या कप्प्यात २,३२४ बाइट भरतात. म्हणून ‘७०० एमबी’च्या तबकडीवर सुमारे ८०० एमबीचे चित्रण बसते. तरीही चित्रण एका तासाहून थोडे अधिकच होते. मोठा चित्रपट दोन-तीन तबकड्यांत यायचा तो यामुळे.

म्हणून भरण्याआधी विचारा : ही कुठे लावायची आहे? साध्या सीडी प्लेअरवर लावायची असेल, तर ‘ऑडिओ सीडी’ म्हणूनच भरा. नुसत्या फाइली उतरवल्या तर जुना प्लेअर त्या वाचणार नाही. डीव्हीडी प्लेअरवर दाखवायची असेल, तर ‘डीव्हीडी-व्हिडिओ’ अशी मांडणी करा. केवळ संगणकासाठी असेल, तर फाइली भरा, पण त्यांची नावे लहान आणि रोमन लिपीत ठेवा. देवनागरी नावे एखाद्या जुन्या संगणकावर प्रश्नचिन्हांची रांग होऊन दिसतात. शेवटी तबकडी ‘बंद’ करायला विसरू नका. सॉफ्टवेअरमध्ये तसा पर्याय असतो. बंद न केलेली तबकडी भरलेल्या यंत्रावर दिसते, दुसऱ्या यंत्रावर मात्र कोरी भासते.

स्वस्त कशाला म्हणावे?

समजा, एका प्रकारची तबकडी १५ रुपयांना आहे आणि दुसरी २२ रुपयांना. पहिल्या प्रकारच्या १०० घेतल्या आणि त्यांतील ३५ भरताना किंवा तपासताना वाया गेल्या, तर १,५०० रुपयांत ६५ उपयोगी तबकड्या मिळाल्या. म्हणजे प्रत्येकी २३ रुपये. दुसऱ्या प्रकारातील दोनच वाया गेल्या, तर २,२०० रुपयांत ९८, म्हणजे प्रत्येकी साडेबावीस रुपयांच्या आत. स्वस्त वाटलेली तबकडीच महाग पडली. हे उदाहरण शेकडेवारीच्या तासाला देण्याजोगे आहे. यात एक किंमत धरलेलीच नाही. भरताना ठीक वाटलेली पण चार वर्षांनी न उघडणारी तबकडी किती रुपयांची, हे कोण सांगणार?

दर्जा ओळखावा कसा? वेष्टनावरचे नाव पुरेसे नसते. विकणारी कंपनी एक आणि बनवणारा कारखाना दुसरा, हा या व्यवसायातला नेहमीचा प्रकार. मात्र बनवणाऱ्याचा संकेत कोऱ्या तबकडीच्या सरीतच कोरलेला असतो. तो वाचून दाखवणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात. म्हणून आधी गठ्ठ्यातील एक-दोनच तबकड्या घ्याव्या, संकेत पाहावा, भरून आपल्याच यंत्रावर तपासाव्या आणि मगच उरलेल्या घ्याव्या.

रंगद्रव्यांचे मुख्य प्रकार तीन : सायनीन, थॅलोसायनीन आणि अॅझो. सीडी-आरवर आधी वापरले गेले सायनीन. ते उजेडाला नाजूक असते, म्हणून त्यात स्थिर करणारी द्रव्ये मिसळतात. थॅलोसायनीन उजेडात अधिक टिकते. मात्र नुसता रंग पाहून दर्जा ठरवू नये. मागच्या धातूमुळेही छटा बदलते.

आज आणखी एक खबरदारी हवी. जे दुकानात आहे ते केव्हाचे आहे? नोएडा परिसरात कारखाने असलेली मोझर बेअर ही भारतीय कंपनी एके काळी जगातील मोठ्या तबकडी उत्पादकांपैकी होती. २०१८ मध्ये ती अवसायनात काढण्याचा आदेश झाला. जपानच्या तायो युदेनने १९८८ मध्ये सीडी-आर घडवली, तिनेही २०१५ अखेर हा व्यवसाय थांबवला. तेव्हा अशा नावाचे पाकीट आज स्वस्तात मिळाले, तर तो जुना साठा आहे हे ओळखावे. कोऱ्या तबकडीचे रंगद्रव्यही पडून पडून मुरते. न लिहिलेल्या सीडी-आरचे आयुष्य पाच ते दहा वर्षे धरण्याचा प्रघात आहे. जुना माल फुकट मिळाला तरी मोलाच्या ध्वनिमुद्रणासाठी वापरू नये.

भरण्याच्या वेगाचाही मोह नको. ‘५२ पट’ हा वेग केवळ बाहेरच्या कडेला गाठला जातो. सीडी १६ ते २४ पट आणि डीव्हीडी ८ पट वेगाने भरणे सामान्यतः ठीक. भरून झाल्यावर पडताळणीचा पर्याय मात्र नेहमी वापरावा.

जपणूक

सीडीची नाजूक बाजू कोणती? बहुतेकांना चकचकीत बाजू वाटते. प्रत्यक्षात तिकडे सव्वा मिलिमीटर जाड प्लॅस्टिकचे कवच आहे. नाव लिहिण्याच्या बाजूला धातूवर लाखेचा पातळ थर तेवढा असतो. तिथे बॉलपेनने लिहिले की धातूवर ओरखडा आणि मजकूर गेला. मऊ टोकाचा मार्कर वापरावा, चिकटपट्टी लावू नये. डीव्हीडीत मजकूर प्लॅस्टिकच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती या बाबतीत थोडी सुरक्षित. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीपाशी तबकड्या ठेवणे म्हणजे रंगद्रव्याचे वय वाढवणे.

वर्गात करून पाहा

१. जाड पुठ्ठ्याला छिद्र पाडा. त्यातून तांबडा लेसर पॉइंटर दहा सेंटिमीटर दूर ठेवलेल्या सीडीवर काटकोनात सोडा. पुठ्ठ्यावर छिद्राच्या दोन्ही बाजूंना ठिपके दिसतील. छिद्रापासून ठिपका सुमारे साडेचार सेंटिमीटरवर येतो. डीव्हीडीसाठी तोच सुमारे १८ सेंटिमीटरवर जातो. ठिपक्याचे अंतर आणि पुठ्ठ्याचे अंतर यांच्या गुणोत्तरावरून कोन काढा. लेसरची तरंगलांबी (सुमारे ०.६५ मायक्रॉन) भागिले त्या कोनाची ज्या, म्हणजे वाटेच्या दोन फेऱ्यांमधले अंतर. जे सूक्ष्मदर्शकाखालीही सहज दिसत नाही ते मुले मोजपट्टीने मोजतील. लेसर कोणाच्याही डोळ्यांत जाणार नाही याची काळजी शिक्षकांनी स्वतः घ्यावी.

२. एकाच गठ्ठ्यातील दोन तबकड्यांवर तीच फाइल भरा. एक कपाटात ठेवा, दुसरी गच्चीवर चकचकीत बाजू वर करून उन्हात. दर आठवड्याला दोन्हींवरील फाइल उतरवून पाहा आणि नोंद ठेवा. जाहिरातीतल्या शंभर वर्षांपेक्षा हा प्रयोग अधिक शिकवील.

या महिन्यात एवढे तरी करावे. शाळेतील सर्व भरलेल्या तबकड्यांची यादी करावी. ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही त्यांच्यापुढे खूण करावी. त्या चालू संगणकावर उतरवून दोन ठिकाणी ठेवाव्या, त्यांपैकी एक ठिकाण शाळेबाहेरचे असावे. एक यंत्र तबकडी वाचत नसेल, तर ती टाकून न देता दुसऱ्यावर लावून पाहावी. एकाला मंद वाटणारा प्रकाश दुसऱ्याला पुरतो. नव्या संगणकांत तबकडीचा कप्पा आता क्वचितच असतो, म्हणून शाळेतला चालू ड्राइव्ह भंगारात देऊ नये. गावातल्या आजींनी म्हटलेल्या ओव्या पुन्हा ध्वनिमुद्रित करण्याची संधी प्रत्येक वेळी मिळतेच असे नाही.