पिशवीतल्या राखणदार पेशी

अंबाबाईच्या रांगेत ओटीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या काही बायकांचं मागणं विचारावं लागत नाही. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली, पाळणा हललेला नाही. अशा जोडप्यांच्या फायलीत हल्ली ‘एनके सेल’ हा शब्द येतो. पूर्ण नाव नॅचरल किलर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या नैसर्गिक मारक पेशी. रिपोर्टात त्या जास्त दिसल्या, की ‘तुझंच शरीर गर्भाला मारतंय’ असं ऐकून ती बाई घरी परतते. या वाक्याला शास्त्राचा भक्कम आधार नाही.

गर्भाचा निम्मा वारसा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला तो निम्मा परका. दुसऱ्याची किडनी बसवली तर शरीर ती नाकारू पाहतं. मग हा पाहुणा नऊ महिने राहतो कसा? पीटर मेदावार यांनी 1953 मध्ये हा प्रश्न मांडला आणि संशोधक त्याचा माग काढत थेट गर्भाशयाच्या अस्तरापर्यंत पोचले. तिथे त्यांना या ‘मारक’ पेशींची गर्दीच दिसली. दिवस राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत अस्तरातल्या लिम्फोसाइट पेशींपैकी सुमारे 70 टक्के याच असतात!

त्या तिथे मारायला जमत नाहीत. वार रुजताना आईच्या नागमोडी रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात आणि त्या कामाला या पेशी हातभार लावतात. पाट अरुंद राहिला तर उसाच्या शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. केंब्रिजच्या ॲशली मॉफेट यांच्या गटाला तर उलटंच आढळलं : आई आणि बाळ यांच्या ठरावीक जनुकीय जोड्यांत या पेशी फार दबून राहतात, तेव्हा गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त असतो. मग त्यांना सरसकट दाबणारी महागडी इंजेक्शनं कशासाठी? शिवाय हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तातल्या एनके पेशी वेगळ्या, गर्भपिशवीतल्या वेगळ्या. एकीवरून दुसरीचं निदान होत नाही. प्रजननतज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेने 2023 मध्ये अशा तपासण्या आणि उपचार सरसकट करू नयेत, असंच सांगितलं.

गर्भाला सांभाळून घेण्यात प्रतिकारशक्तीला आवरणाऱ्या पेशींचाही हात असतो. तालमीत वस्ताद पोरांना आवरतो, तशा या नियामक टी पेशी. 2025 चं वैद्यकाचं नोबेल त्यांच्याच शोधाला मिळालं.

प्रतिकारशक्तीमुळे खरंच नुकसान होतं, अशा जागा वेगळ्या आहेत. वारंवार गर्भपात होत असतील तर रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची तपासणी जरूर करावी. त्यावर ॲस्पिरिन आणि हेपॅरिन हा मान्य उपचार आहे.

आणि आपल्याकडे विसरू नये असा शत्रू म्हणजे क्षय. फुप्फुसातला जंतू रक्तावाटे गर्भनलिकांत जाऊन बसतो. प्रतिकारपेशी त्याला घेरतात, गाठी बांधतात, आणि त्या झुंजीत नळीचं नाजूक अस्तर जातं. व्रण राहतो, नळी बंद होते. खोकला नाही, ताप नाही. दिवस राहत नाहीत एवढीच कित्येकदा तक्रार असते. क्षयाची औषधं कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. जंतू मरतो, पण बिघडलेली नळी दरवेळी सुधारत नाही, म्हणून निदान लवकर व्हायला हवं. नळ्या बंदच असतील तर टेस्ट ट्यूबचा मार्ग आहे. डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून मुंबईच्या केईएममध्ये 6 ऑगस्ट 1986 रोजी तसं बाळ जन्माला आलं, त्याला आता चार दशकं होत आली.

एनके पेशींच्या तपासणीची चिठ्ठी हातात आली, तर डॉक्टरांना विचारा : याने उपचार बदलणार आहे का? त्याआधी नवऱ्याच्या वीर्याची तपासणी झाली का, हेही विचारा. ती सोपी आणि स्वस्त आहे, तरी घरोघरी सर्वांत शेवटी होते, कारण दोष आधी बाईलाच दिला जातो. अशा रूढी मोडता येतात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्ताने, विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ‘वांझ’ हा शब्दही आपल्या घरातून तसाच हद्दपार करा, आणि पुढच्या ओटीभरणाला जिला लेकरू नाही तिला आधी बोलवा.