लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडताना

बालमित्रांनो, आपल्या वर्गातला प्रोजेक्टर जुना, पण चांगला आहे. नवा लॅपटॉप मात्र त्याला सरळ जोडता येत नाही, कारण दोघांची तोंडं वेगळी! प्रोजेक्टरला व्हीजीए, म्हणजे तीन ओळींत १५ भोकं. ही पद्धत १९८७ सालची. लॅपटॉपला चपटं एचडीएमआय. म्हणून मधे अडॅप्टर लागतो.

खरी गोम इथंच आहे. एचडीएमआयमधून चित्र आकड्यांच्या रूपात जातं, व्हीजीएमधून विजेच्या कमी-जास्त दाबानं. अडॅप्टरमधली चिप हा बदल करते, पण बहुधा एकाच दिशेनं. उलट्या दिशेचा आणला तर केबली बसतात, पडदा मात्र काळाच!

व्हीजीएतून आवाज जात नाही. कविता ऐकायची तर स्पीकर लॅपटॉपलाच लावायचा.

पालकहो, बारामतीला किंवा इंदापूरला जाण्यापूर्वी दोन्ही तोंडांचे फोटो काढून घ्या. दुकानदाराला सांगा, "लॅपटॉप एचडीएमआय, प्रोजेक्टर व्हीजीए." नाहीतर एसटीचा दुसरा हेलपाटा ठरलेला. घरच्या लॅपटॉपला बारकं टाइप-सी तोंड असेल, तर ते चित्र देतं का, हे आधी विचारावं. काही टाइप-सी चित्र देतच नाहीत.