सतरा सेकंद

उंब्रजहून कराडकडे निघालो की सेवा रस्त्याच्या कडेला, मुरूम टाकून सपाट केलेल्या जागेत, दुरुस्तीला आलेली मशिनं उभी असतात. त्यातलं एक पोकलेन वरचा भाग आडवा फिरवून, बकेट जमिनीत रेटून, एका अंगावर उचललेलं होतं. वर आलेली चेन हवेत गरगरत होती. इंजिन पूर्ण रेसवर, काम मात्र काहीच नाही. पन्नाशीचे एक मिस्त्री हातात मोबाईल धरून त्या चेनकडे एकटक बघत होते. चेनच्या एका पट्टीवर त्यांनी खडूने आडवी रेघ मारली होती. वीस टनांचं यंत्र कुणी असं रिकामं का पळवतं, हे विचारायला मी थांबलो.

"पंप बगतोय," मिस्त्री म्हणाले. "ह्या मशिनच्या पुस्तकात चेनच्या तीन फेऱ्यांना सतरा सेकंद दिल्यात. डावी सतरात बसली. उजवीला एकवीस लागल्यात."

सातारा ते कागल महामार्ग सहापदरी करण्याचं काम निघालं, तशी या पट्ट्यात अशा मशिनांची वर्दळ वाढली. हे पोकलेनही रस्त्याच्याच कामावरचं. तक्रार नेहमीची: सकाळी मशीन ठणठणीत, दुपारी गरम झालं की ढिलं पडतं, लोड घेत नाही. मालकाच्या मते यात पंपापेक्षा ऑपरेटरचा दोष जास्त. ऑपरेटर पाटण तालुक्यातला, जेमतेम पंचविशीचा. तो जेवणानंतर मुद्दाम हळू चालवतो, तासाला भरायचे तेवढे डंपर भरत नाही, म्हणून त्याचा भत्ता महिनाभर अडकवलेला. तो पोरगा केबिनमध्ये लिव्हर धरून बसला होता. मिस्त्री बोटांनी फेऱ्या मोजत होते आणि तो त्या बोटांकडे बघत होता. माझं लक्ष पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच जात होतं.

या भागात पंप कुणाला नवा नाही. सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, आणि कृष्णाकाठचा ऊस पंपांनी उपसलेल्या पाण्यावरच वाढला. पण तो पाण्याचा पंप वेगळा. त्याचा व्हॉल्व्ह बंद केला तरी आतला पंखा पाणी नुसतं घुसळत राहतो. पोकलेनच्या पंपात दट्टे असतात. दट्ट्याने ढकललेल्या तेलाला बाहेर पडावंच लागतं. वाट मिळाली नाही तर काहीतरी फुटेल, म्हणून जास्तीच्या दाबाला वाट द्यायला रिलीफ व्हॉल्व्ह बसवलेला असतो. पंप देतो तो प्रवाह. दाब तयार होतो समोरच्या अडथळ्यातून, बकेटपुढच्या खडकातून.

हे एकदा लक्षात आलं की मालकाची मागणी किती चुकीची होती ते कळतं. ते सारखं म्हणत होते, "मिस्त्री, जरा प्रेशर वाढवून द्या, बास." मिस्त्रींनी गेज लावला, सिलिंडर टोकाला नेऊन अडवला. काटा ३४० बारवर गेला. दुसऱ्या पंपावरही तेवढाच. सिलिंडर अडलेला असताना तेल पुढे जातच नाही, त्यामुळे झिजलेला पंपही काटा वर नेऊन दाखवतो. नुसत्या गेजवर विसंबून पंप धडधाकट ठरवणं, किंवा रिलीफचा स्क्रू आवळून ताकद आणायला बघणं, ही या धंद्यातली सगळ्यात महागडी सवय आहे. पंप आहे तसाच राहतो, आणि होस, सील मात्र फुटायला लागतात.

पण एकवीस सेकंद म्हणजे पंपच गेला, असंही नाही. अशा पोकलेनमध्ये इंजिनच्या टोकाला दोन पंप असतात. एक डाव्या चेनला तेल देतो, दुसरा उजव्या चेनला. पंपापासून चेनपर्यंत जाताना तेल कंट्रोल व्हॉल्व्हमधून, मधल्या फिरत्या जॉइंटमधून, शेवटी चेनच्या मोटरमधून जातं. गळती यात कुठेही असू शकते. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं, लिव्हर हलवून लाइनमधला दाब काढला, टाकीची हवा सोडली आणि दोन्ही पंपांचे होस एकमेकांच्या जागी जोडले. होसला हात लावण्याआधी त्यांनी हाताखालच्या पोऱ्याला दूर सारलं. दाबाखालची तेलाची धार सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघाली तरी कातडीत शिरते. गळती शोधायची तर पुठ्ठा पुढे धरतात, हात कधीच नाही.

मग पुन्हा तीच मोजणी. तेल ५० अंशांवर आहे याची खात्री करून, दोन्ही चेन आळीपाळीने उचलून, पुढे आणि मागे. आता उजवी सतरात आली आणि डावी एकविसावर गेली. दोष होसबरोबर सरकला, म्हणजे दोष पंपाचा. मिस्त्री केबिनकडे वळून म्हणाले, "उतर खाली. तुझा काय संबंध न्हाई यात." ऑपरेटर उतरला, पण मालकाकडे बघितलं नाही.

मिस्त्री इथेही थांबले नाहीत, याचं मला फार कौतुक वाटतं. हवेत फिरणाऱ्या चेनला लोड कमी असतो. खरा हिशेब लोडवर. त्यांनी लाइनमध्ये फ्लोमीटर जोडला. त्याच्या पुढचा व्हॉल्व्ह थोडा थोडा आवळत जायचं, दाब वाढेल तसा प्रवाह किती उरतो ते लिहीत जायचं. आजारी पंपाला ताडून बघायला शेजारचा धड पंप आहेच. २०० बारवर धड पंप मिनिटाला १९५ लिटर देत होता, झिजलेला १३५. साठ लिटर आतल्या आत झिरपत होतं. बार आणि लिटर यांचा गुणाकार करून ६०० ने भागला की किलोवॅट मिळतात. म्हणजे २० किलोवॅट नुसती उष्णता. तेलाच्या टाकीत एक किलोवॅटचे वीस हीटर चालू ठेवल्यासारखं. तेल तापतं, तापलं की पातळ होतं, पातळ झालं की झिजलेल्या फटींतून आणखी पळतं. सकाळचं ठणठणीत मशीन दुपारी का ढिलं पडतं, याचं उत्तर या एका आकड्यात होतं. त्यात कुणाच्या आळसाला जागाच नव्हती.

मोजायचं काम दोन-अडीच तासांत उरकलं. तरी मिस्त्री सांगत होते, बहुतेक मालकांना हे नको असतं. मशीन आलं की पंप खोला, किट टाका. खोलण्याची मजुरी सगळे देतात, मोजण्याची मागितली तर "नुसतं बघायचे पैसे?" म्हणतात. मला हा अन्याय वाटतो. पंप उगाच खोलला की त्याच्या आत धूळ जाते, आणि नीट न मोजता ठपका ठेवला की एखाद्या पोराचा महिन्याचा भत्ता जातो. त्या बघण्यातच मिस्त्रींची खरी विद्या आहे.

संध्याकाळी पंप खोलला. जळकट तेलाचा वास नाकात भरला. बाहेर आलेल्या तेलात पितळी चमक होती. व्हॉल्व्ह प्लेटवर गोल चरे, दट्ट्यांच्या बुटांच्या कडा झिजलेल्या. इथल्या फटी केसापेक्षा बारीक असतात. खडीच्या धुळीचा कणही चरा पाडतो. मिस्त्री टाकीवर चढले. टाकीत हवा घेणाऱ्या ब्रीदरचं झाकण तुटलेलं होतं आणि त्या जागी चिंधी कोंबलेली. मालकाने ऑपरेटरकडे बघितलं. तो म्हणाला, "मी दोनदा सांगितलं होतं, मालक."

मालक पंपाच्या किटला तयार झाले. टाकी रिकामी करून धुवायची, सगळं तेल बदलायचं, याला मात्र त्यांचा नकार. शे-दोनशे लिटर तेल ओतून द्यायचं?

"मग पंप बी ऱ्हाऊ द्या," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "ह्याच तेलात नवा पंप घातला तर चार म्हैन्यात परत येचाल, आन् नाव माझं घेचाल. टाकी धुतल्याबिगर मी बसवत न्हाई. पायजे तर दुसरा मिस्त्री बगा."

मालक थोडा वेळ मशिनभोवती फिरले. मग त्यांनी कराडच्या दुकानाला फोन लावला आणि ६८ नंबरच्या तेलाचं एक बॅरल, दोन फिल्टर आणि ब्रीदरचं झाकण सांगितलं.