नवी मुंबईतील उद्याने व क्रीडांगणे : द्रव्यव्यवस्थेचे स्वरूप

सार्वजनिक उद्यान नागरिकांस बहुधा विनामूल्य उपलब्ध असते. त्यामुळे त्याच्या खर्चाचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. वस्तुतः या खर्चाचे तीन भाग पडतात : भूमीचे मूल्य, उद्यानाची प्रारंभिक रचना आणि त्याची नित्य देखभाल. पहिले दोन खर्च एकदाच करावयाचे असतात; तिसरा प्रतिवर्षी करावा लागतो. नवी मुंबईच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात उद्यानांसाठी स्वतंत्र स्थानिक संस्था असून त्यांना स्थावर मालमत्तेवर कर बसविण्याचा अधिकार आहे. शिकागो येथील २२ उद्यानमंडळांचे एकीकरण करून १९३४ साली तेथील एकच संस्था निर्माण करण्यात आली. उद्यानासाठी दिलेला कर उद्यानावरच खर्च होतो, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. महाराष्ट्रात अशी स्वतंत्र करसत्ता कोणत्याही उद्यानसंस्थेस नाही.

नवी मुंबईत उद्यानांना भूमी मिळाली ती निराळ्या मार्गाने. शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच सिडको, हे १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाले. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये त्याकडे नव्या नगराच्या विकासाचे काम सोपविण्यात आले. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र व ९५ गावे या योजनेत आली. संपादित भूमीवर रस्ते, पाणी इत्यादी सोयी करून भूखंड ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावयाचे व मिळालेल्या अधिमूल्यातून पुढील विकास करावयाचा, असे या योजनेचे सूत्र होते. उद्याने व क्रीडांगणे यांसाठी राखलेल्या भूमीचे मूल्य अर्थात् इतर भूखंडांच्या किंमतीतच समाविष्ट झाले. शेजारी उद्यान असल्याने भूखंडाची किंमत वाढते. विक्रेता व नगररचनाकार एकच असल्याने ती वाढ त्यालाच प्राप्त होते. मात्र या व्यवहाराच्या मुळाशी ज्यांची शेते गेली ते भूमिपुत्र होते, हे विसरता येत नाही. जानेवारी १९८४ मधील जासई परिसरातील आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूमी परत देण्याची योजना आली.

भूखंड एकदा दिला, की त्याचे अधिमूल्य पुन्हा मिळत नाही. देखभालीचा खर्च मात्र संपत नाही. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली आणि तिच्या हद्दीतील उद्यानांचा भार क्रमाने तिच्याकडे आला. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांचा निर्देश आहे. तथापि १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात त्यांची गणना स्वेच्छाधीन कर्तव्यांत होते. त्यांचा खर्च मालमत्ता कर, विकास शुल्क व २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या निमित्ताने राज्याकडून मिळणारी भरपाई अशा सर्वसाधारण उत्पन्नातूनच होतो. साहजिकच पाणीपुरवठा व मलनिःसारण यांच्याशी स्पर्धा करूनच उद्यानांस वाटा मिळतो. १९७५ च्या अधिनियमान्वये वृक्षकर घेता येतो. परंतु त्याचे प्रयोजन वृक्षसंवर्धनापुरतेच आहे. नेरूळ येथील वंडर्स पार्कसारख्या ठिकाणी प्रवेशशुल्क आहे; पण वसाहतीतील लहान बागेस हा उपाय लागू करणे म्हणजे तिचे सार्वजनिक स्वरूपच नष्ट करणे होय.

या व्यवस्थेतील आणखी एक विसंगती घणसोलीच्या प्रकरणात दिसून आली. तेथील २० एकर भूमी २००३ साली शासकीय क्रीडासंकुलासाठी निश्चित झाली होती. पुढे तिचा काही भाग खाजगी विकासकास देण्यात आला आणि संकुल रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात नेण्याचे ठरले. वास्तुविशारदांच्या संस्थेने या निर्णयास आव्हान दिले असता मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली तो रद्द केला. नंतर हा वाद सर्वोच्च न्यायालयातही नेण्यात आला. भूमिविक्रयावर चालणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने राखीव मैदान हे न वटविलेले धन ठरते. ज्या साधनाने मैदान निर्माण केले, त्याच साधनाचा मोह मैदानास धोका निर्माण करतो.

तात्पर्य, नवी मुंबईत उद्यानांच्या भूमीची तरतूद झाली. परंतु तिच्या संरक्षणाची व देखभालीची स्वतंत्र आर्थिक तरतूद झाली नाही. अधिमूल्याचा निश्चित अंश राखीव निधीत ठेवून त्याच्या व्याजातून देखभाल करणे, किंवा मालमत्ता करातील ठराविक भाग उद्यानांसाठी बांधून देणे, हे दोन पर्याय संभवतात. पहिला भूमी शिल्लक आहे तोवरच शक्य आहे. दुसऱ्यास करदात्यांची संमती हवी. अर्थसंकल्पांतील भांडवली व महसुली खर्चाची तुलना करून या पर्यायांची परीक्षा करणे अभ्यासकांस उपयुक्त ठरेल.