लशीचे बळ कोणाचे?

मी हरसूलला शिकवतो. 'लसमैत्री' हा शब्द मी इथल्या पाड्यांवरून तपासतो.

हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा १८९९ साली परळला आली. १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. लस बनविण्याचे हे बळ एका दिवसाचे नव्हे. म्हणूनच २० जानेवारी २०२१ रोजी भारत भूतान व मालदीवला लस भेट देऊ शकला. ज्याच्याकडे लस, त्याच्या शब्दाला जगात वजन; लसमुत्सद्देगिरी म्हणतात ती हीच.

पण दुसऱ्या लाटेत घरची गरज वाढली, निर्यात रोखली गेली आणि पुण्याच्या लशीवर विसंबलेले गरीब देश ताटकळले. देशातही १ मेपासून १८ ते ४४ वयाच्या माणसाला आधी ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. ज्याच्या हाती स्मार्टफोन नाही, पाड्यावर रेंज नाही, तो कोकणा-वारली मजूर रांगेत उभाही राहू शकत नव्हता. पुढे नियम सैल झाला. तोवर शहरी माणूस पुढे गेला होता.

कारखान्यातून किती कुप्या बाहेर पडल्या, एवढ्यावर राष्ट्राचे बळ मोजायचे काय? शेवटच्या पाड्यावरच्या दंडात सुई कधी टोचली गेली, हेही त्याच हिशेबात मांडा.